दिवसा इंजिनिअर, रात्री कॉर्नेट

डॉक्टरांनी बजावलं होतं, फुंकायचं नाही. तो फुंकत राहिला. पॅरिसच्या तळघरांमधल्या रात्री गाजवणाऱ्या बोरिस व्हियाँची ही गोष्ट...

शनिवार, सकाळचे साडेनऊ. पुण्यातला फ्रेंचचा क्लास. बॅचमध्ये बावीस जण आणि त्यातले निदान पंधरा हिंजवडीवाले. कुणाला ऑनसाइट जायचंय, कुणाला कॅनडाच्या पीआरसाठी पॉइंट्स हवेत. 'मला ही भाषा आवडते म्हणून' असं पहिल्या दिवशी सांगणारी मी एकटीच. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेची मला फ्रीलान्सिंगमुळे चांगलीच सवय आहे.

त्या दिवशी मॅडमनी क्रियापदांची रूपं बाजूला ठेवली, लॅपटॉपला स्पीकर जोडले आणि एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसती खरखर. मग ड्रम्स, बँजोसारखी कटकट करणारी गिटार, आणि सगळ्यांच्या वरून एक आवाज आला. ट्रम्पेटसारखा, पण ट्रम्पेटचा तो अंगावर येणारा झगझगाट नाही. मऊ, थोडा लाजरा, गर्दीत हळूच खांद्यावर हात ठेवणारा.

"हा वाजवणारा कोण असेल? काय करत असेल?" मॅडमनी विचारलं. कुणी म्हणालं हॉटेलात वाजवणारा, कुणी म्हणालं सैन्यातल्या बँडचा.

"इंजिनिअर," मॅडम म्हणाल्या. "दिवसभर ऑफिसात बसून काचेच्या बाटल्यांची स्टँडर्ड्‌स ठरवायचा."

मोबाइलमध्ये गेलेल्या पंधरा माना एकदम वर आल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लगेच विचारलं, "मग त्याने नोकरी कधी सोडली?"

प्रश्न त्याने विचारला होता, पण त्याचं उत्तर अख्ख्या बॅचला हवं होतं. मलाही.

बागेतला डान्स हॉल

बोरिस व्हियाँ जन्मला १० मार्च १९२० रोजी, पॅरिसलगतच्या व्हील-दाव्रे या टुमदार गावात. घरात पैसा होता, आई पियानो आणि हार्प वाजवायची आणि तिच्या आवडत्या ऑपेरावरून, 'बोरिस गोदुनोव'वरून, मुलाचं नाव पडलं. (आपल्याकडे नाटकातल्या नायकांवरून बारसं व्हायचं, त्यातलाच प्रकार!) मग १९२९ची मंदी आली. वडिलांचा पैसा बुडाला. घर विकायचं नाही म्हणून त्यांनी बंगला भाड्याने दिला आणि सहा माणसांचं कुटुंब आवारातल्या राखणदाराच्या घरात राहायला गेलं. बंगल्यात भाडेकरू आले मेन्युइन. होय, व्हायोलिनवाल्या येहुदी मेन्युइनचं कुटुंब! पुढे आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा शिष्य झालेला हाच तो मेन्युइन. तेव्हा तो शाळकरी वयाचा, पण जगभर गाजलेला कलाकार. आणि शेजारच्या छोट्या घरात त्याच्याहून चार वर्षांनी लहान बोरिस.

बाराव्या वर्षी बोरिसला संधिवाताचा ताप आला आणि त्यात हृदयाची झडप कायमची बिघडली. पंधराव्या वर्षी टायफॉइडने त्यात भर घातली. महाधमनीच्या झडपेतून रक्त थोडं थोडं मागे गळतं, ते भरून काढायला हृदयाला जादा काम करावं लागतं आणि वर्षानुवर्षं असं राबून ते थकतं. आज अशी झडप बदलता येते. १९३०च्या दशकात डॉक्टरांच्या हातात एकच औषध होतं, जपून राहा.

घरच्यांनी मग काय करावं? मुलाने पार्ट्यांसाठी बाहेर जाऊ नये म्हणून वडिलांनी बागेच्या टोकाला चक्क एक डान्स हॉल बांधून दिला. मुलगा घरी राहिला खरा, पण सगळी जत्राच घरी आली. मित्र, मैत्रिणी, ग्रामोफोन, अमेरिकेहून आलेल्या जॅझच्या तबकड्या. बोरिसने ट्रम्पेट धरलं, धाकटा आलँ ड्रम्सवर बसला आणि थोरल्या लेलिओने गिटार घेतली. १९३७ साली बोरिस हॉट क्लब द फ्रान्सचा मेंबर झाला. फ्रान्समधल्या जॅझवेड्यांची ही पंढरी आणि तिचा मानद अध्यक्ष साक्षात लुई आर्मस्ट्राँग.

हृदय अधू असलेल्या मुलाने निवडावं तरी कुठलं वाद्य? पितळी! फुंकणाऱ्याला ओठ घट्ट आवळून, छातीत हवा दाबून धरून सोडावी लागते. वरचे सूर लावताना मानेच्या शिरा फुगतात, छातीतला दाब वाढतो. निरोगी माणसालाही एखादा लांब सूर धरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. पियानो घरात होता, गिटार घरात होती. याने ट्रम्पेट घेतलं.

मधाळ आवाजाचं वाद्य

कॉर्नेट आणि ट्रम्पेट यांत फरक काय, हे मलाही त्या शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. दोन्हींना तीन झडपा, दोन्हींची नळी उलगडली तर जवळपास सारखीच लांब. पण ट्रम्पेटची नळी बरीचशी सरळसोट जाते आणि शेवटी फाकते, कॉर्नेटची सुरुवातीपासून हळूहळू रुंदावत जाते आणि जास्त वेटोळी घेते. म्हणून कॉर्नेट आखूड दिसतं आणि त्याचा आवाज गोल, मधाळ येतो. वाद्य मूळचं फ्रान्सचंच, टपालगाडीच्या शिंगाला झडपा लावून एकोणिसाव्या शतकात बनवलेलं. ते अमेरिकेत गेलं, सैन्याच्या बँडमध्ये वाजलं आणि न्यू ऑर्लिन्सला जॅझ जन्मलं तेव्हा बँडच्या पहिल्या रांगेत उभं होतं. बडी बोल्डन, किंग ऑलिव्हर, सुरुवातीचा आर्मस्ट्राँग, सगळे कॉर्नेटवाले. आणि अर्थात बिक्स बायडरबेक. आयोवाचा गोरा पोरगा, दारूपायी १९३१ साली अवघ्या अठ्ठावीसाव्या वर्षी गेला. व्हियाँचा जीव जडला तो या बिक्सवर.

व्हियाँ कधी कॉर्नेट वाजवायचा, कधी ट्रम्पेट, आणि आपल्या वाद्याला लाडाने 'ट्रॉम्पिनेट' म्हणायचा.

(एक मुंबईकर फुटनोट द्यायलाच हवी. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला जॅझची चटक लावणाऱ्यांत लुई मिचेलचा 'जॅझ किंग्ज' हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड होता. त्याचा कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ. हाच क्रिकेट स्मिथ १९३०च्या दशकात मुंबईला आला, ताजमध्ये बँड घेऊन वाजवत होता आणि १९३६ साली त्याने मुंबईत रेकॉर्डिंगही केलं. म्हणजे ही हवा पॅरिसहून थेट अपोलो बंदरावर आली होती. असो.)

बाटल्या, शिव्या आणि बँड

१९३९ साली व्हियाँ एकोल सांत्रालमध्ये दाखल झाला. आपल्याकडे आयआयटीला जो मान, तो तिथे या कॉलेजला. युद्ध सुरू झाल्यामुळे वर्ग आंगुलेमला हलवले होते. १९४२ साली तो डिग्री घेऊन बाहेर पडला. तोवर मिशेल लेग्लीझशी लग्न झालं होतं, मुलगा झाला होता. पगार हवा होता. आफ्नोर या फ्रान्सच्या स्टँडर्ड्‌स ठरवणाऱ्या संस्थेत त्याला काचेच्या विभागात नोकरी मिळाली.

कंटाळा आला की तो काय करायचा? ऑफिसच्या भाषेत, ऑफिसच्या छापाचा एक मसुदा त्याने लिहिला: सामान्य फ्रेंच माणसासाठी शिव्यांची प्रमाणित श्रेणी. कुठल्या प्रसंगी कुठली शिवी, एकदम स्टँडर्डाइज्ड! हे वाचलं तेव्हा बॅचमध्ये टाळ्या पडल्या. अप्रेझलचा फॉर्म भरलेल्या कुणालाही हा माणूस जवळचाच वाटणार.

आणि त्याच १९४२ साली त्याला क्लोद अबादी भेटला. अबादी पॉलिटेक्निकचा पदवीधर, पोटासाठी बँकेत, जिवासाठी क्लॅरिनेट. त्याच्या हौशी बँडमध्ये व्हियाँ आणि त्याचे भाऊ शिरले. पॅरिसवर जर्मनांचा कब्जा होता. अमेरिकन संगीत नाझींना चालत नव्हतं, म्हणून गाण्यांना फ्रेंच नावं चिकटवली जायची. 'सेंट लुई ब्लूज'चं बारसं झालं, अर्थ 'सेंट लुईची दुःखं'. सूर तेच! बाहेर संचारबंदी, आत हे.

युद्ध संपलं, अमेरिकन सैनिक आले आणि या हौशी पोरांना अस्सल अमेरिकन श्रोते मिळाले. नोव्हेंबर १९४५मध्ये ब्रसेल्सच्या हौशी बँडच्या स्पर्धेत त्यांनी बक्षीस मारलं. हौशी या शब्दाचा त्यांना अभिमान होता. पैसे घेऊन वाजवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या फर्माइशी पुऱ्या कराव्या लागतात, आम्हाला नाही, असा तो तोरा. मला हा तोरा कळतो, पण सगळाच पटत नाही. महिन्याला पगार जमा होत असला की असा तोरा परवडतो. माझे चेक तीन-तीन महिने रखडतात, तेव्हा मी फर्माइशी पुऱ्या करते.

मधल्या काळात एक भयंकर गोष्ट घडून गेली होती. नोव्हेंबर १९४४मध्ये एका रात्री व्हील-दाव्रेच्या घरात चोर शिरले आणि त्यांनी वडिलांचा खून केला. मारेकरी सापडले नाहीत. घर विकलं गेलं. डान्स हॉलही गेला.

ताबूचं तळघर

आता त्या प्रश्नाचं उत्तर. नोकरी कधी सोडली? आफ्नोरमधून तो १९४६ साली बाहेर पडला आणि कागदाच्या व्यापाराशी संबंधित एका सरकारी ऑफिसात चिकटला. तिथेही १९४७पर्यंतच टिकला. पण मधल्या काळात, आफ्नोरच्या छापील फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर, त्याने एक कादंबरी लिहून काढली. 'लेक्युम दे झूर'. त्यात 'पियानोकॉकटेल' नावाचं यंत्र आहे. जो सूर वाजवाल त्याप्रमाणे ग्लासात दारू मिसळली जाते! आणि नायिकेच्या फुप्फुसात कमळ उगवतं, ती श्वास गमावत जाते. छातीत दुखणं घेऊन फिरणाऱ्या माणसाला ही कल्पना कुठून सुचली असेल, हे वेगळं सांगायला नको. कादंबरी १९४७ साली आली आणि फारशी कुणी वाचली नाही. ती गाजली तो गेल्यानंतर. २०१३ साली मिशेल गाँद्रीने तिच्यावर सिनेमाही काढला.

१९४७च्या एप्रिलमध्ये सें-जर्में-दे-प्रे भागात, र्यू दोफिनवर 'ताबू' नावाच्या कॅफेखालचं तळघर रात्रीचं सुरू झालं. लांबट बोगद्यासारखी जागा, विटांची कमान, सिगारेटचा धूर, हवा जेमतेम. इथे बँड व्हियाँचा. अबादीच्या बँडमधला एक वादक इथे स्वतः लीडर होता, ड्रम्सवर आलँ, गिटारवर लेलिओ. ज्युलिएत ग्रेको इथलीच, अजून गायला लागायची होती. 'सामदी-स्वार' नावाच्या साप्ताहिकाने मे महिन्यात या 'गुहेत राहणाऱ्या' तरुणाईवर सनसनाटी स्टोरी छापली आणि मग अख्खं पॅरिस पाहायला लोटलं. सार्त्र वाचलेला असो वा नसो, काळा स्वेटर घातला की तो एक्झिस्टेन्शियलिस्ट! (आमच्या प्रोफेशनची ताकद बघा. चांगली म्हणायची की वाईट, तुम्हीच ठरवा.) वर राहणाऱ्या लोकांची झोप उडाली. ते खिडक्यांतून खाली पाणी ओतायचे आणि म्हणतात, पाण्याहून वाईटही बरंच काही.

फोटोंत व्हियाँ उंच, फिकट, पाय फाकून उभा दिसतो. तो कॉर्नेट तोंडाच्या कडेला धरून वाजवायचा असं त्याला ऐकलेले सांगतात. हळवं वाजवायचा. आर्मस्ट्राँगची ताकद त्याच्यात नव्हती, बिक्सची नाजूक वळणं होती. पट्टीचा वादक होता का? माझ्या कानाला नाही वाटत. काही ठिकाणी सूर निसटतो. पण वाद्य त्याच्या अंगात मुरलेलं आहे, हे पहिल्या आठ मात्रांत कळतं.

थोड्याच अंतरावर, र्यू दे कार्मवरच्या हॉटेलच्या तळघरात क्लोद ल्युतेरचा बँड वाजत होता आणि तो तर आणखी कट्टर. किंग ऑलिव्हरच्या १९२३च्या बँडची हुबेहूब नक्कल करायची, म्हणून दोन-दोन कॉर्नेट. पुढे सिडनी बेशे पॅरिसला आला तो याच ल्युतेरच्या बँडबरोबर वाजवायला लागला आणि फ्रान्समध्ये पॉप स्टारसारखा गाजला. 'ट्रॅडिशनल' जॅझची फ्रान्समधली लाट ती हीच.

अंजीर विरुद्ध द्राक्षं

आपल्याकडे घराण्यांवरून डोकी फुटायची, तशी तिथे जॅझवरून फुटली. ह्युग पानासिए म्हणाला, न्यू ऑर्लिन्सचं तेच खरं, बीबॉप म्हणजे जॅझच नव्हे. शार्ल दलोने म्हणाला, डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर हेच पुढचं पाऊल. १९४७ साली हॉट क्लब फुटला. जुन्यांना नाव पडलं बुरशी आलेले अंजीर, नव्यांना आंबट द्राक्षं.

गंमत अशी, की स्वतः १९२०च्या शैलीत वाजवणारा व्हियाँ दलोनेच्या बाजूने उभा राहिला. 'जॅझ हॉट' मासिकात १९४६पासून तो लिहीत होता. त्याचा प्रेस रिव्ह्यूचा कॉलम वर्षानुवर्षं चालला आणि त्यात पानासिएची तो यथेच्छ खिल्ली उडवायचा. त्याचा खरा देव ड्यूक एलिंग्टन. १९४८च्या उन्हाळ्यात ड्यूक पॅरिसला आला तेव्हा नुकत्याच उघडलेल्या क्लब सें-जर्मेंमध्ये त्याचं स्वागत करायला व्हियाँ पुढे होता. पुढच्या वर्षी पार्कर आणि मायल्स डेव्हिस आले. व्हियाँने त्यांना ऐकलं, त्यांच्यावर भरभरून लिहिलं आणि स्वतःचं वाजवणं तसंच ठेवलं. मला यात विसंगती वाटत नाही. आपल्याला काय वाजवता येतं आणि जगात काय मोठं चाललंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. किती जणांना ते वेगळे ठेवता येतात?

बाकीचे उद्योग भराभर सांगते. व्हर्नन सुलिव्हन या बनावट अमेरिकन नावाने लिहिलेली कादंबरी १९४६ साली आली, तुफान खपली, कोर्टात गेली, १९४९ साली तिच्यावर बंदी आली आणि दंडही झाला. १९५३ साली त्याने लवचीक चाकाच्या पेटंटसाठी अर्ज केला, इंजिनिअर आतून जात नाही! १९५४ साली युद्धावर जायला नकार देणारं 'ल देझेर्तर' हे गाणं लिहिलं आणि रेडिओवर त्याला बंदी झाली. १९५६ साली मिशेल लग्राँ आणि आंरी साल्व्हादोर यांच्याबरोबर फ्रेंचमधली पहिली रॉक अँड रोल गाणी रचली, तीही टिंगल म्हणून.

हातातून सुटलेलं

१९५०च्या आसपास त्याने वाजवणं थांबवलं. छाती ऐकेना. चाळिशी काही आपण बघणार नाही, असं तो मित्रांना सांगायचा.

मग तो फिलिप्स कंपनीत जॅझ रेकॉर्डांचं काम पाहायला लागला. डिसेंबर १९५७मध्ये एका रात्री मायल्स डेव्हिसने लुई मालच्या सिनेमासाठी पॅरिसमध्ये पार्श्वसंगीत रेकॉर्ड केलं, पडद्यावर दृश्यं बघत बघत. त्या रेकॉर्डच्या कव्हरवरचा मजकूर व्हियाँचा आहे. एका तुकड्यात मायल्सच्या ओठाची साल सुटून माउथपीसमध्ये अडकली आणि म्हणून तो आवाज तसा आला, हे त्याने नोंदवलं आहे. संगीतावर लिहिणारे आम्ही मूड, वातावरण, धुंदी असलं काहीबाही लिहितो. याने ओठाची साल बघितली. सात वर्षं कॉर्नेटला तोंड न लावलेला माणूस काचेपलीकडून दुसऱ्याचा ओठ बघत होता. मी त्या वाक्याशी बराच वेळ थांबले होते.

२३ जून १९५९. त्या बंदी आलेल्या कादंबरीवर निघालेल्या सिनेमाचा खास खेळ, शाँझेलिझेजवळच्या मार्बफ थिएटरमध्ये, सकाळी. सिनेमा त्याला अजिबात मान्य नव्हता, टायटल्समधून नाव काढा म्हणून तो भांडत होता. तरी पाहायला गेला. सिनेमा सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती. तो खुर्चीतच कोसळला आणि हॉस्पिटलला नेताना वाटेत गेला. वय एकोणचाळीस. सहाच आठवड्यांपूर्वी, १४ मे रोजी, बेशे गेला होता.

त्या शनिवारी रात्री उशिरा मागच्या बाकावरच्या मुलाचा मेसेज आला: "ते सकाळचं रेकॉर्डिंग कुठलं होतं?" मी पाठवलं. मग त्याने विचारलं, "आणि बँडमधल्या बाकीच्यांचं काय झालं?"

बाकीच्यांचं नाही, पण एकाचं सांगता येतं. क्लोद अबादी, व्हियाँहून दोन महिन्यांनी मोठा. पोटासाठी बँक, हौसेसाठी क्लॅरिनेट, ही वाटणी त्याने बदलली नाही. म्हातारपणीही तो आपला दहा जणांचा हौशी बँड चालवत होता. २०२० साली गेला, तेव्हा शंभर वर्षं पुरी झाली होती. त्या रेकॉर्डिंगमध्ये कॉर्नेट दमून किंचित मागे सरतं तेव्हा जी क्लॅरिनेट पुढे येते, ती त्याची.